पाणथळ कशाला म्हणावे?

रायपूरहून विशाखापट्टणमच्या बंदरापर्यंत ४६४ किलोमीटर लांबीचा सहापदरी महामार्ग बांधला जात आहे. चोहोबाजूंनी जमिनीने वेढलेल्या छत्तीसगडला समुद्राची वाट मिळते आहे, असे तिथले राज्यकर्ते म्हणतात. खनिजे आणि पोलादाचा व्यापार पाहता ते समजण्यासारखे आहे. मात्र या प्रदेशाला समुद्राशी जोडणारी दुसरी एक वाट कितीतरी जुनी आहे आणि तिच्यासाठी कुणालाही भूसंपादन करावे लागलेले नाही. मे २०२४ मध्ये राज्याच्या बेमेतरा-खैरागड भागात एक व्हिम्ब्रेल छायाचित्रात टिपला गेला. त्याच्या पाठीवर जीपीएस टॅग होता. कुरल पक्ष्याच्या कुळातला, खाली वाकलेल्या लांब चोचीचा हा पक्षी उत्तरेच्या थंड प्रदेशात घरटी करतो आणि हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर, भरती-ओहोटीच्या चिखलात खेकडे शोधत हिवाळा काढतो. महामार्गाचे ते अंतर तो एका रात्रीत कापू शकतो. समुद्रापासून इतक्या दूर, भाताच्या मुलखात त्याला उतरायला जागा मिळाली, ती एका तलावाच्या काठी.

या जानेवारीत मी नवा रायपूरला गेलो, तेव्हा हा व्हिम्ब्रेल माझ्या मनात होता. त्याआधीच्या हिवाळ्यात मी ठाणे खाडीतला चिखलपट्टा पाहून आलो होतो. या दोन ठिकाणांमध्ये वरवर काहीच साम्य नाही. तरीही पाणथळ जागांबाबतचे आपले राष्ट्रीय धोरण कुठे फसले आहे, हे मला दोन्ही जागा एकत्र पाहिल्यावरच नीट कळले.

आधी खाडीविषयी. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडी निघते ती घड्याळापेक्षा भरतीचे वेळापत्रक पाहून. पाणी उतरत असताना निघालो तर दोन्ही बाजूंच्या तिवरांच्या मुळांशी हळूहळू राखाडी चिखल उघडा पडू लागतो आणि पाहता पाहता खाडीचा तळच जमीन होतो. फ्लेमिंगो, ज्यांना आपल्याकडे रोहित म्हणतात, ते दिसायला सर्वांत देखणे. पण माझे लक्ष खिळले ते त्यांच्या पायांशी वावरणाऱ्या लहान, मातकट पक्ष्यांवर. छोटा टिलवा वरच्या थरातले किडे टिपत होता. काळ्या शेपटीचा मालगुजा डोळ्यांपर्यंत चोच खुपसून खोलवरच्या अळ्या आणि शंखशिंपले काढत होता. कुरलाची चोच त्याहूनही खोल जाते. एकाच वीतभर चिखलात थराथराने वाटून घेतलेली ही भोजनशाळा आहे. दिवसातून दोनदा ती उघडते आणि दोनदा बंद होते.

बंद होते तेव्हा काय होते, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पर्यटक ओहोटी पाहून परततात. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो आणि हजारो पक्ष्यांना चार-सहा तास कुठेतरी उभे राहावे लागते. या पक्ष्यांना पोहत बसता येत नाही, तिवरांच्या फांद्यांवर बसायलाही ते तयार नसतात. त्यांना उथळ पाण्याची, मोकळी, चारी दिशांनी शत्रू दिसेल अशी जागा लागते. ठाणे खाडीच्या परिसरात अशा जागा म्हणजे भांडुपच्या उदंचन केंद्राजवळची तळी, नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळी, उरणचे पाणजे आणि मिठागरे. यांपैकी बहुतेक जागा माणसाने बांध घालून, खाजण अडवून किंवा मीठ पिकवून घडवलेल्या आहेत.

खाडीच्या संरक्षणाचा इतिहास कागदावर तरी समाधानकारक आहे. ऑगस्ट २०१५ मध्ये सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र फ्लेमिंगो अभयारण्य झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये ठाणे खाडीचा रामसर यादीत समावेश झाला. भरतीरेषेच्या आतला चिखलपट्टा किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या सर्वांत कडक वर्गात येतो. म्हणजे पक्ष्यांच्या जेवणाची जागा सुरक्षित आहे. विश्रांतीची जागा मात्र वाऱ्यावर आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूरमार्ग, भांडुप व मुलुंड येथील मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासातील घरांसाठी घेण्याचा निर्णय केला. घरांची गरज खरी आहे आणि ती नाकारणारा मी नाही. पण त्या चर्चेत मिठागर म्हणजे ‘वापरात नसलेली जमीन’ हे गृहीतक ज्या सहजतेने वावरत होते, त्याने मी थबकलो. नेरूळच्या डीपीएस तलावाचे उदाहरण ताजे आहे. तिथे भरतीचे पाणी आत येण्याचे मार्ग बुजले, तलाव आटला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात त्या परिसरात सैरभैर झालेले फ्लेमिंगो मेले. त्याच मे महिन्यात घाटकोपरवर विमानाच्या धडकेने तीसहून अधिक फ्लेमिंगो एका रात्रीत पडले. त्यांचा उडण्याचा मार्ग का बदलला असावा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मात्र विश्रांतीच्या जागा कमी झाल्या की थवे अवेळी उडत राहतात, याविषयी फारसा वाद नाही. पुढच्या वर्षी राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मान्यता दिली. एका तलावासाठी पक्षीप्रेमी नागरिकांना एवढी वर्षे झुंजावे लागले, हेच बोलके आहे.

आता नवा रायपूर. ४१ गावांच्या हद्दीत आखलेल्या या राजधानीत रस्ते रुंद आहेत, माणसे तुरळक आहेत, आणि गेल्या नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालेले विधान भवन दुरूनही नजरेत भरते. नियोजनकारांनी गावांची तळी नकाशात निळ्या रंगात जपली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. सकाळी सेंध तलावावर अडई बदकांची शीळ ऐकू येत होती, वारकरी पाण्यावर काळ्या ठिपक्यांसारखे तरंगत होते. पण तलावाच्या ज्या बाजूला फरसबंदी, रेलिंग आणि नौकाविहाराची सोय आहे, तिथे काठ सरळ खोल पाण्यात उतरतो. अशा काठावर फिरायला छान वाटते. तुतवारासारख्या पक्ष्याला मात्र तिथे पाय टेकायला जागा नसते. त्याला बोटभर पाणी आणि ओला चिखल हवा असतो.

तो चिखल मला दिसला सुमारे सत्तर किलोमीटरवर, बेमेतरा जिल्ह्यातल्या गिधवा-परसदा येथे. २०२१ च्या जानेवारी-फेब्रुवारीत छत्तीसगडचा पहिला पक्षी महोत्सव इथेच भरला होता. पावसाळ्यात काठोकाठ भरलेली इथली तळी भाताला पाणी देत देत, गुराढोरांची आणि माणसांची तहान भागवत, जानेवारीपर्यंत उतरणीला लागतात. दर आठवड्याला पाण्याची कड थोडी आत सरकते आणि मागे चिखलाचे एक ताजे वलय उरते. त्यात छोटे चिखल्या आणि ठिपकेवाले तुतवार पळत होते. मधल्या पाण्यात तलवार बदके आणि चक्रवाक होते. पाळीवरून पाहताना माझ्या लक्षात आले की, ठाणे खाडीत सहा तासांत घडते तेच इथे सहा महिन्यांत घडते. छत्तीसगडच्या तळ्यांना वर्षातून एकच भरती असते आणि एकच ओहोटी. ती ओहोटी चंद्र घडवत नाही, शेतकऱ्याच्या पाटाचे दार घडवते. स्थलांतरित पक्षी नेमके या ओहोटीच्या मोसमात येतात.

हे पाणी किती जुने आहे याची कल्पना एका म्हणीवरून येते. इथे एखाद्या जुन्या गावाचा मोठेपणा सांगताना तिथे ‘छै आगर छै कोरी’ तळी होती असे म्हणतात: सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे १२६. रतनपूर हे असेच तळ्यांचे गाव. मराठी वाचकांना ते नागपूरकर भोसल्यांच्या बिंबाजींची राजधानी म्हणून आठवेल. इथून पश्चिमेला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीपर्यंत हीच जलसंस्कृती पसरलेली आहे. तिकडे तिला मालगुजारी किंवा ‘मामा’ तलाव म्हणतात. कोहळी समाजाने बांधलेल्या नवेगावबांधच्या काठी मारुती चितमपल्लींनी वनाधिकारी म्हणून घालवलेले दिवस मराठी साहित्याचा भाग झाले आहेत. राज्यांची सीमा मधून जाते म्हणून हा मुलूख दोन झालेला नाही.

आणि आता व्याख्येकडे येतो. विषय रुक्ष आहे, पण सगळे इथेच अडले आहे.

इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेल्या कराराने पाणथळ जागेची फार उदार व्याख्या केली. नैसर्गिक वा कृत्रिम, कायम वा हंगामी, गोडे वा खारे, ओहोटीच्या वेळी सहा मीटरपर्यंत खोल असलेले समुद्राचे पाणीसुद्धा तीत येते. भारत १९८२ मध्ये या करारात सामील झाला. २०१० मध्ये केंद्राने पहिले पाणथळ नियम केले तेव्हा त्यांत जलाशय, तळी आणि मानवनिर्मित पाणथळी यांचा स्पष्ट उल्लेख होता. भातखाचरे आणि नद्यांची मुख्य पात्रे वगळली होती. २०१७ मध्ये हे नियम बदलले. नव्या व्याख्येचा पूर्वार्ध रामसर करारातून जवळजवळ जसाच्या तसा घेतला आहे. उत्तरार्धात मात्र पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेली तळी आणि मत्स्यशेती, मीठ उत्पादन, मनोरंजन व सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. ‘कृत्रिम’ हा शब्द एका हाताने दिला आणि दुसऱ्या हाताने काढून घेतला.

या एका वाक्याने काय साधले ते पाहा. किनाऱ्यावर मिठागर वगळले गेले आणि अंतर्भागात सिंचनाचे तळे वगळले गेले. खाडीच्या पक्ष्याची विश्रांतीची जागा गेली आणि वाटेवरच्या पक्ष्याची चिखलाची कड गेली. भातखाचरे तर पहिल्यापासूनच बाहेर आहेत. गोंदियात उरलेल्या मोजक्या सारस जोड्या घरटी बांधतात ती बहुतेक त्याच भातखाचरांत.

याच व्याख्येने देशातील काही सर्वांत नामवंत पाणथळींची परीक्षा घेतली तर निकाल विचित्र येतो. भरतपूरचे केवलादेव अठराव्या शतकात घातलेल्या बांधामुळे घडले. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर, म्हणजे महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ, गोदावरीवर सिंचनासाठी घातलेल्या बंधाऱ्याच्या फुगवट्यातून जन्मले. डिसेंबर २०२५ मध्ये छत्तीसगडला त्याचे पहिले रामसर स्थळ मिळाले. ते बिलासपूर जिल्ह्यातील कोपरा जलाशय. नावच सांगते की तो जलाशय आहे. रामसर यादीत गेलेल्या स्थळाला नियम लागू होतात, हे खरे. पण मग कोपऱ्याला जे लागू आहे ते गिधव्याला का नाही, याचे उत्तर पाण्यात नाही, पक्ष्यांत नाही, फक्त कागदावर आहे.

सर्वोच्च न्यायालयाने या गोंधळात दोनदा हस्तक्षेप केला. २०१७ मध्ये उपग्रह नकाशांवरून मोजलेल्या २,०१,५०३ पाणथळींना जुन्या नियमांतील संरक्षणाची तत्त्वे लावण्याचा आदेश झाला. डिसेंबर २०२४ मध्ये, नव्या नकाशासंग्रहाने हा आकडा २,३१,१९५ वर नेल्यानंतर, प्रत्येक पाणथळीची जागेवर जाऊन पडताळणी आणि हद्दनिश्चिती तीन महिन्यांत करा, असे राज्यांना सांगितले गेले. उपग्रहाला तळे दिसते, ते कशासाठी खोदले हे दिसत नाही. पडताळणीला गेलेल्या तलाठ्यापुढे आणि वनरक्षकापुढे मात्र २०१७ ची व्याख्या असते. दप्तरात ‘सिंचन तलाव’ अशी नोंद सापडली की, ते तळे अधिसूचनेसाठी पुढे पाठवण्याचे कारण त्याच्या दृष्टीने संपते. मग तिथे मध्य आशियातून येणारी हजार बदके का उतरत असेनात!

तरीही वगळण्यामागचे कारण हास्यास्पद नव्हते, हे मान्य केले पाहिजे. राज्यांना भीती होती की गावतळे एकदा पाणथळ म्हणून घोषित झाले की पाट उघडायलाही परवानगी लागेल. गिधव्याच्या पाळीवर भेटलेल्या एका वयस्कर शेतकऱ्याने हेच मला साध्या शब्दांत विचारले: “साहेब, पक्षी आमचेच आहेत. पण उद्या बोर्ड लागला तर म्हशी कुठे न्यायच्या?” छत्तीसगडमध्ये गावकऱ्यांच्या अशा सामाईक वापराला ‘निस्तार’ म्हणतात आणि महसुली दप्तरात त्या हक्काची नोंद असते. त्याच्या प्रश्नात संवर्धनाला विरोध नव्हता. संवर्धन म्हणजे आपली हकालपट्टी, हा अनुभवातून आलेला अंदाज होता.

तो अंदाज चुकीचा का नाही, हे भरतपूर सांगते. केवलादेव राष्ट्रीय उद्यान झाल्यावर १९८२ मध्ये तिथे गुरे चारण्यास बंदी घातली गेली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात माणसे मेली. त्यानंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी तिथे जे दीर्घ संशोधन केले, त्यातून उलटेच निघाले. म्हशी जे गवत खात होत्या ते आता माजले होते, उथळ पाणी त्याने व्यापले होते आणि पाणपक्ष्यांना मोकळी जागा कमी पडू लागली होती. चराई हा त्या पाणथळीच्या परिसंस्थेचाच भाग होता. ज्या बंदीसाठी रक्त सांडले, तिने पक्ष्यांचेच नुकसान केले. भारतीय संवर्धनाच्या इतिहासात याहून कडवा धडा मला माहीत नाही, आणि तो शिकवला जातो तितका आपण शिकलेलो नाही.

म्हणून आज आपल्यापुढे दोनच पर्याय ठेवले जातात: एक तर तळे कायद्याच्या बाहेर, नाहीतर गावकरी तळ्याच्या बाहेर. हे दोन्ही पर्याय मला अमान्य आहेत. व्याख्येतून ‘सिंचन’ आणि ‘मीठ’ हे शब्द काढावेत आणि त्याच वेळी निस्तार, पाटाचे पाणी, शिंगाडा, मासेमारी व चराई हे वापर नियमांतच मान्य करावेत. बंदी घालायची ती बुजवण्यावर, सांडपाणी सोडण्यावर, काठ काँक्रीटने बांधून काढण्यावर. उथळ कडा हा तळ्याचा सर्वांत जिवंत भाग आहे आणि आपल्या योजना नेमका तोच पुसतात. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अमृत सरोवर मोहिमेने प्रत्येक जिल्ह्यात ७५ तळ्यांचे उद्दिष्ट ठेवले. निकष होता किमान एक एकर क्षेत्र आणि दहा हजार घनमीटर पाणी. पाणी साठवण्याचा हेतू चांगलाच आहे. पण यश घनमीटरमध्ये मोजले की कंत्राटदार तळे खोल करतो, कडा उभ्या करतो. पात्राच्या एका बाजूला तरी सौम्य उतार ठेवावा, एवढी अट घालण्याने खर्चात फारसा फरक पडत नाही.

आंतरराष्ट्रीय व्यासपीठावर आपण अशा गोष्टी चांगल्या मांडतो. गांधीनगरला फेब्रुवारी २०२० मध्ये स्थलांतरित प्रजातींच्या करारातील देशांची परिषद भरली, तेव्हा मध्य आशियाई उड्डाणमार्गाच्या संवर्धनाचे नेतृत्व भारताने स्वीकारले. आर्क्टिकपासून हिंदी महासागरापर्यंत ३० देशांवरून जाणारा हा मार्ग आहे. २०२४ मध्ये समरकंदच्या परिषदेत त्यासाठीचा समन्वय कक्ष भारतात असावा, असे ठरले. ही प्रतिष्ठेची गोष्ट आहे. मात्र उड्डाणमार्ग म्हणजे आकाशातली रेषा नव्हे, ती उतरण्याच्या जागांची माळ आहे. तिच्यातले बहुतेक मणी आपल्या स्वतःच्या कायद्याच्या लेखी अस्तित्वातच नाहीत.

गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव भागात गेल्या काही वर्षांत जे झाले, ते दिल्लीच्या अधिकाऱ्यांनी पाहावे असे मला वाटते. तिथल्या मामा तलावांत बेशरमाची झुडपे माजली होती, बाहेरून आणलेल्या माशांनी पाणवनस्पती फस्त केल्या होत्या आणि ढीवर समाजाची मासेमारी खालावली होती. ढीवर स्त्री-पुरुषांनी बेशरम उपटले, उन्हाळ्यात तळ्याचा उघडा पडलेला तळ नांगरला आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला दुसऱ्या तळ्यांतून आणलेल्या स्थानिक पाणवनस्पती चिखलात लावल्या. कोणती वनस्पती किती खोल पाण्यात रुजते, कोणता मासा तिच्यात अंडी घालतो आणि कोणते बदक तिचे कंद खाते, हे त्यांना ठाऊक होते. त्याची रीतसर नोंद त्यांनीच स्थानिक अभ्यासकांच्या मदतीने केली. मासे वाढले, आणि हिवाळ्यात पक्षीही परतले. यासाठी कुठलेही तळे अधिसूचित करावे लागले नाही, कुणाच्या म्हशी हाकलाव्या लागल्या नाहीत. मात्र त्यांतले एखादे तळे उद्या रस्त्यासाठी बुजवायचे ठरले, तर २०१७ च्या नियमांत त्या लोकांना दाखवता येईल असे एकही कलम नाही.